भीतीवर जगणारा प्राणी: त्याला खायला नेमकं काय द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कादंबरीसाठी तुम्ही ‘दचक्या’ नावाची एक राक्षसी जात रचली आहे: उंच, धुरकट अंगाची, रानात राहणारी. ती माणसांची आणि जनावरांची भीती खाऊन जगते. भीती जितकी जास्त तितकी तिची ताकद जास्त, आणि समोरचा घाबरलाच नाही तर ती विरून जाते. या जातीचं शरीर कसं चालेल, ती भक्ष्य कसं गाठेल, पिल्लं कशी वाढवेल, कळपाने राहील की एकेकटी, आणि तिला हरवायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

मी प्राण्यांचं वर्तन शिकवतो, आणि लेखकांनी रचलेले प्राणी शरीरशास्त्राच्या अंगाने तपासून देणं हेही माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. भीतीवर जगणाऱ्या जाती त्यात वरचेवर येतात आणि जवळजवळ सगळ्या एकाच जागी अडकतात. म्हणून आधी तो अडसर काढू. दचक्याला भीती खायला देऊ नका. भीतीपोटी भक्ष्य जे टाकून पळतं, ते त्याला खायला द्या. एवढा एकच बदल केलात तर तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातून निघत जातात, आणि माझ्या मते प्राणी आहे त्यापेक्षा जास्त भयंकर होतो.

भीती खाता का येत नाही, ते आकड्यांत बघा. खूप घाबरलेल्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात ढोबळमानाने एक नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) ॲड्रेनलिन, म्हणजे भीती वाटली की रक्तात सुटणारं संप्रेरक, धरू. शरीरात पाच लिटर रक्त, म्हणजे सगळं मिळून पाच मायक्रोग्रॅम. साखरेचा एक दाणा याच्या शंभरपट जड असतो. शिवाय ते टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. आता समोरचा खर्च बघा: माणसाएवढ्या सस्तन प्राण्याला दिवसभर नुसतं पडून राहायलासुद्धा दीड हजार किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा लागते. अख्खं गाव रोज रात्री थरथर कापलं तरी त्यातून दचक्याचा एक घास होत नाही. ॲड्रेनलिन यकृताला आणि स्नायूंना साठवलेली साखर मोकळी करायला सांगतं. ऊर्जा त्या साखरेत आहे आणि ती भक्ष्याच्याच अंगात जळून जाते. ‘मेंदूतल्या लहरी शोषून घेतो’ असं म्हणावं, तर माणसाचा पूर्ण मेंदू सुमारे वीस वॉटवर चालतो. तिथेही हाती काही लागत नाही. तुमच्या जगात जादू असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवता येईल, पण तुम्ही शरीराबद्दल विचारलंत, म्हणून मी शरीराचंच सांगतो.

‘घाबरलेल्या भक्ष्याचं मांस जास्त चविष्ट आणि ताकदीचं’ ही दुसरी पळवाट लेखकांना फार आवडते. प्रत्यक्षात उलट घडतं. कत्तलीआधी जनावर बराच वेळ ताणाखाली राहिलं तर स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, मग मेल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, आणि ते गडद, घट्ट, कोरडं होऊन लवकर खराब होतं. मांस व्यवसायात हा नुकसानीचा नेहमीचा प्रकार आहे. नाकतोड्यांवर झालेले प्रयोग याहून बोलके आहेत. कोळ्यांचे जबडे चिकटवून टाकले, म्हणजे ते मारू शकत नव्हते, फक्त आसपास वावरत होते. तरी नाकतोड्यांचं वागणं बदललं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कोळ्यांच्या सावटाखालचे नाकतोडे पिष्टमय खाणं वाढवतात आणि त्यांच्या शरीरात नायट्रोजनच्या मानाने कार्बनचं प्रमाण वाढतं. म्हणजे भीतीने भक्ष्याचं शरीर खरोखर बदलतं, पण खाणाऱ्याच्या दृष्टीने निकस होतं. हा तपशील कथेत वापरण्याजोगा आहे, फक्त तुमच्या मूळ कल्पनेच्या विरुद्ध बाजूने.

आता भीतीवर खरोखर पोट भरणारा प्राणी बघू. तो अस्तित्वात आहे. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात दुभंगलेल्या शेपटीचा एक कोतवाल पक्षी राहतो. तो मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्यांच्या आणि बॅबलर पक्ष्यांच्या टोळ्यांमागे फिरतो. शिकारी पक्षी खरोखर दिसला की तो इशारा देतो, टोळी पळून जीव वाचवते आणि त्याच्या आवाजावर विश्वास ठेवायला शिकते. मग एखाद्या मीरकॅटने मातीतून जाडजूड अळी उकरली की कोतवाल खोटाच इशारा देतो. मीरकॅट घास टाकून बिळाकडे धावतो, कोतवाल खाली उतरून अळी उचलतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार त्याच्या दिवसभराच्या अन्नापैकी सुमारे २३ टक्के अशा चोरीतून येतं. त्याने भीतीचा एक कणही खाल्लेला नसतो. भीती हे त्याचं हत्यार आहे.

निसर्गात अशा ‘टाकून पळण्याची’ उदाहरणं भरपूर आहेत. स्कुआ आणि फ्रिगेट पक्षी इतर समुद्रपक्ष्यांना हवेत छळून गिळलेले मासे ओकायला लावतात. गिधाडं बिथरली की पोटातलं ओकून हलकी होतात. पाल शेपटी तोडून देते, आणि त्या शेपटीत तिने साठवलेली चरबी असते. समुद्रकाकडी तर आतडीच बाहेर फेकते. घाबरलेलं शरीर स्वतःचा जीव सोडून बाकी सगळ्यावर पाणी सोडायला तयार होतं, आणि दचक्याची संपूर्ण उपजीविका या एका गोष्टीवर उभी करता येते. माणसांच्या बाबतीत डोक्यावरची ओझी, राखणीला बसलेल्याच्या हातून सुटलेलं जनावर, मारून आणलेली शिकार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गर्दीत मागे राहिलेलं मूल. तुम्हाला कादंबरी किती काळी करायची आहे, त्यावर ठरवा.

यात मृत्यूलाही जागा आहे. फार पाठलाग झालेली हरणं आणि इतर रानटी जनावरं कधीकधी पकडीतून सुटल्यावरही मरतात; काही तासांत, कधी काही दिवसांत. स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येऊन मूत्रपिंडं निकामी होतात. वन्यप्राण्यांना पकडून हलवणाऱ्या पशुवैद्यांना याची सतत धास्ती असते. दचक्याने अंगाला बोटही न लावता सावज मरतं आणि तो दोन दिवसांनी माग काढत कलेवरापाशी पोचतो, असं दाखवलंत तर ‘भीतीने मारतो’ ही लोकांची समजूत खरी ठरेल आणि शरीरशास्त्रही मोडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा नीट जमला तर जात जिवंत वाटेल, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे. भीती झिजते. एकच आवाज, एकच सावली पुन्हा पुन्हा समोर आली आणि तिच्यामागून काही वाईट घडलं नाही, तर प्राणी तिच्याकडे लक्ष देणं सोडतो. गोगलगाईपासून माणसापर्यंत सगळ्यांत हे दिसतं. भीतीवर जगणाऱ्याचा खरा शत्रू हा सराव आहे. कलहारीतला कोतवाल त्यावर उपाय करतो तो असा: एका आवाजाला टोळी फसेनाशी झाली की तो आवाज बदलतो. त्याच्याकडे स्वतःचे इशारे असतातच, शिवाय तो इतर जातींच्या इशाऱ्यांच्या नकला करतो. ज्याला लुटायचं त्याच्याच जातीचा इशाराही काढतो. तुमच्या दचक्याकडेही असा मोठा साठा हवा. आवाज, वास, हालचाली, आणि कुणावर काय वापरून झालं आहे याची पक्की आठवण. म्हणजे मेंदू मोठा, आयुष्य लांब, शिकण्याचा काळ लांब. ताकद आणि पंजे यांपेक्षा दचक्याची सगळी गुंतवणूक स्मरणशक्तीत असायला हवी.

नुसती विविधताही पुरत नाही, धमकी अधूनमधून खरी ठरावी लागते. भक्ष्याच्या बाजूने विचार करा. खोट्या इशाऱ्याला फसलो तर एक घास जातो, खऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर जीव जातो. या तफावतीमुळेच प्राणी बऱ्याच वेळा फसायला तयार असतात. पण खोट्यांचं प्रमाण फार वाढलं तर धावत सुटणं परवडेनासं होतं, उपासमार व्हायला लागते. म्हणून दचक्याला दोनच वाटा उरतात. एक, त्याच्या रानात खरा हिंस्र प्राणी असायला हवा, ज्याचा दरारा तो उसना घेतो. दुसरी, त्याने स्वतः क्वचित एखादा बळी घ्यायला हवा. मला पहिली वाट जास्त आवडते, कारण तिच्यातून कथेला एक विलक्षण वळण मिळतं: गावकऱ्यांनी मोठ्या कष्टाने रानातला खरा श्वापद मारला, की काही महिन्यांत दचक्याही उपाशी पडतो. त्याची उसनी भीती वसूल होणं थांबतं. आणि मग तो दुसऱ्या वाटेला लागतो.

कळप की एकेकटा, याचं उत्तरही इथेच आहे. एकाच खोऱ्यात दोन दचके असले तर दोघांचे खोटे इशारे एकाच लोकवस्तीच्या कानावर पडतात आणि सराव दुप्पट वेगाने होतो. म्हणून तो एकटा राहणार, हद्द विस्तीर्ण असणार, आणि त्या हद्दीची राखण तो जिवाच्या आकांताने करणार. शेजारच्या दचक्याचा आवाज ऐकू आला तर तो चवताळेल, कारण तो आवाज त्याच्या पुढच्या कित्येक जेवणांची नासाडी आहे.

हद्द स्वतःची असली की संयमही परवडतो. सतत भीती बसवली तर भक्ष्य कमी होतं, हे मोजलेलं आहे. कॅनडात गाणाऱ्या चिमण्यांच्या एका जातीवर प्रयोग झाला. घरट्यांना जाळी आणि कुंपण घालून खऱ्या शिकाऱ्यांपासून पूर्ण संरक्षण दिलं आणि आसपास फक्त शिकाऱ्यांचे आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, त्या हंगामात या जोड्यांची पिल्लं ४० टक्क्यांनी कमी झाली. अंडी कमी, उबवून निघालेली कमी, भरवणं कमी. एका आवाजाने एवढं होत असेल तर वर्षभर छळणारा दचक्या स्वतःचं कोठार रिकामं करेल. त्यामुळे त्याच्या वागण्यात ऋतू हवेत: काही महिने दहशतीचे, मग लांबलचक शांतता, ज्यात लोक पुन्हा बेसावध होतात, पोरंबाळं वाढतात, पिकं भरतात. कथेतल्या म्हाताऱ्या माणसांना ही शांतताच जास्त खुपायला हवी. मात्र तो हे ‘जातीच्या भल्यासाठी’ करतो असं लिहू नका. उत्क्रांती तशी चालत नाही. हद्द त्याची एकट्याची असल्यामुळे संयमाचं फळ त्यालाच मिळतं, म्हणून तो संयम टिकतो. हद्द नसलेला, भटका दचक्या बेफाम ओरबाडेल, आणि तो तुमच्या कादंबरीतला जास्त धोकादायक प्राणी असेल.

इंद्रियांबद्दल तुम्ही ‘त्याला भीतीचा वास येतो’ एवढंच लिहिलं आहे. ते चालेल, आणि त्याला आधारही आहे. १९३८ साली प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवून दिलं की छोट्या मिनो माशाची त्वचा फाटली की तिच्यातल्या पेशींतून एक द्रव्य पाण्यात पसरतं आणि बाकीचे मासे घाबरून पळतात. पुढे असंही आढळलं की हेच द्रव्य पाइकसारख्या शिकारी माशांना आपल्याकडे ओढतं. घाबरलेल्या माणसाच्या घामातही असं काही असतं, जे हुंगणाऱ्याच्या मेंदूतल्या भीतीच्या केंद्राला जागं करतं. पण वासावर थांबू नका, उष्णतेचाही विचार करा. भीती वाटली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. नाकाचं टोक आणि बोटं थंड पडतात. खळगेवाल्या सापांच्या तोंडावरचे खळगे तापमानातला अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका फरक टिपतात. दचक्याला तसे खळगे दिलेत तर काळोखात त्याला चेहरे दिसतील आणि त्यातलं कोणाचं नाक थंड पडत चाललं आहे, हेही दिसेल. जो वरून धीट दिसतो पण आतून गळाठला आहे, त्याला तो बरोबर हेरेल.

वेळेचं गणितही हाताशी ठेवा. ॲड्रेनलिनचा झटका काही सेकंदांत येतो आणि मिनिटांत ओसरतो. कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक सावकाश चढतं, प्रसंगानंतर वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठतं. म्हणजे ‘आत्ता दचकलेला’ आणि ‘अर्ध्या तासापूर्वी दचकलेला’ यांचं अंग वेगळं असतं. दचक्याला हा फरक कळत असेल तर तो ताज्या भीतीमागे धावणार नाही. तो थांबेल, कारण धापा टाकणारा सावध माणूस त्याला नको असतो, थकून सैलावलेला हवा असतो.

दिसणं आणि आवाज याबद्दल थोडक्यात. धुराचं अंग मला पटत नाही. स्नायूंशिवाय हालचाल नाही. त्याऐवजी क्षणार्धात फुगणारं अंग द्या. डोळ्यांसमोर झपाट्याने मोठी होत जाणारी आकृती बघून माशी, मासा, माकड, तान्हं बाळ सगळेच मागे सरतात; ही प्रतिक्रिया शिकावी लागत नाही. झालरवाला सरडा, पंखांवरचे डोळे एकदम उघडणारी फुलपाखरं हेच करतात. त्यामुळे एरवी दचक्या लहान, हडकुळा, नजरेत न भरणारा असावा. आवाजासाठी ‘कानाला ऐकू न येणारी खर्जातली लहर’ हे जुनं हुकमी साधन टाळा; तिने हमखास भीती वाटते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. माणसाच्या किंकाळीचा अभ्यास जास्त उपयोगी पडेल. तिची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त होते आणि तो खरखरीतपणाच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो. दचक्याचा आवाज तसा खरखरीत असू द्या.

पिल्लं कमी आणि उशिरा. एवढी विद्या शिकायला वेळ लागतो. आई एकटी वाढवते, पिल्लू दोन-तीन ऋतू तिच्या मागे फिरतं आणि आधी लहान प्राण्यांवर सराव करतं: ससे, पाखरं, कुरणातली वासरं. नवशिक्याचे इशारे चुकीच्या वेळी, चुकीच्या कानावर पडतात आणि आईची हद्द खराब होते, म्हणून ती त्याला वेळेआधी हाकलते. विणीच्या काळात नर आपला आवाजांचा साठा मादीसमोर मांडतात, गाणाऱ्या पक्ष्यांसारखा. एक नर लागोपाठ चाळीस वेगवेगळ्या प्राण्यांच्या मरणाच्या हाका काढतो आहे आणि ते प्रणयाराधन आहे, हे दृश्य तुम्ही लिहाच.

राहिला ‘न घाबरणाऱ्यासमोर विरून जातो’ हा मुद्दा. तो काढून टाका अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्याने भीती हा दोष ठरतो आणि घाबरलेले लोक आपल्या मरणाला स्वतःच जबाबदार ठरतात. भीतीने जीव वाचतात. मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग दुर्मीळ आजाराने नष्ट झालेल्या एका स्त्रीचा बराच अभ्यास झाला आहे. तिला सापांची, कोळ्यांची भीती वाटत नाही, आणि ती आयुष्यात अनेकदा धोक्यात सापडली, कारण धोका तिला धोका वाटत नव्हता. गंमत पुढे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा ती भयंकर घाबरली. बाहेरच्या धोक्याची वाट बंद होती, आतून येणाऱ्या गुदमरण्याची उघडी होती. पूर्ण निर्भय नायक दाखवायचाच असेल तर ही फट लक्षात ठेवा. जुना, अनुभवी दचक्या ती शोधून काढेल. एखाद्या बंद गुहेत, जिथे हवा कमी आहे.

मग त्याला हरवायचं कसं? जो टाकून दिलेल्यावर जगतो त्याला काही टाकून द्यायचं नाही. लोक घाबरतील, धावतीलसुद्धा, पण ओझी अंगाला बांधलेली असतील, मुलं पाठीशी बांधलेली असतील, जनावरं दावणीला असतील, आणि इशारा खरा की खोटा हे बघणारा एक जण उंचावर बसलेला असेल. मीरकॅटही पहारेकरी बसवतात आणि टोळीतल्या पहारेकऱ्याच्या हाकेवर जास्त विसंबतात. असं झालं की दचक्या विरघळत नाही. तो भुकेजतो, हडकतो, दिवसाढवळ्या जवळ येऊ लागतो, चुका करू लागतो. आणि स्वतः घाबरू लागतो. हे जरूर लिहा, कारण चोरून खाणाऱ्याला जखम परवडत नाही, आणि त्यामुळे हा त्या रानातला सगळ्यात भित्रा प्राणी असणार. त्याच्या अंगातलं ॲड्रेनलिन गावातल्या कोणाहूनही जास्त वेळा उसळतं. कोणी त्याच्या दिशेने सरळ, हळू चालत गेलं तर तोही तोंडातलं टाकून पळेल, आणि गावकऱ्यांना तो काय खातो हे तेव्हा पहिल्यांदा कळेल.